गुन्हा कबूल केला तर खुनाची शिक्षा कमी होते का? (तिंट्यावरचा, म्हणजे बाजारनाक्यावरचा वाद, कोणीतरी मिटवा)

डिचोलीचा_दिनू

मंडळी एक प्रश्न आहे, कायद्यातलं कळतं त्यांनी जरा सांगा. माझा मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो (पोर्तुगीज पासपोर्टवाला, आमचा अर्धा वाडा आता तिकडेच आहे), त्याने एक क्लिप पाठवली. तिकडे म्हणे आता जज शिक्षा सुनावतो ते टीव्हीवर दाखवतात. तर त्यात ती जज बाई खुनाच्या आरोपीला सांगतेय की इतक्या वर्षांपासून सुरुवात, ह्या कारणासाठी इतकी वाढली, त्या कारणासाठी इतकी कमी, आणि तू गुन्हा कबूल केलास म्हणून अजून इतकी वजा, म्हणजे हातात राहिली एवढी. आमच्या बाजारातला गाडेकार बिल करतो ना पाठकोऱ्या कागदावर, अगदी तसं.

हे मी काल तिंट्यावर चहाला सांगितलं आणि पेटलं. एक म्हणतो आपल्याकडे पण तसंच असतं, कबूल केलं की चौदाची दहा होतात. दुसरा म्हणतो खुनात हो म्हटलं की सरळ फास. तिसरा आमचा बाबलो, तो एकदा कुठल्यातरी केसमध्ये साक्षीदार म्हणून जाऊन आलाय तेव्हापासून स्वतःला हायकोर्ट समजतो, तो म्हणाला जन्मठेपेत दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात म्हणजे चौदाची सातच होतात. भजी संपली, वाद तसाच राहिला.

तर मला एवढंच सांगा की एखाद्याने म्हापशाला नाहीतर मडगावला जजसमोर उभं राहून हो साहेब मीच केला खून असं सांगितलं तर पुढे नेमकं काय होतं? आणि काही फायदा असेल तर सगळे आरोपी शेवटपर्यंत नाही नाही म्हणत का बसतात?

खरे_बोल

खुन्याला कसली सूट देता. कबूल केलं ना, मग दुसऱ्या दिवशी लटकवा. विषय संपला.

पेडण्याची_सध्या_स्विंडन

दिनूभाऊ, क्लिप खरी असणार, इथे जुलै २०२२ पासून मोठ्या कोर्टात शिक्षा वाचतानाचं चित्रण करायला परवानगी आहे, पण कॅमेरा फक्त जजवर, आरोपी आणि मयताचे घरचे दाखवत नाहीत. मी वकील नाही पण कोंकणी आणि पोर्तुगीजची इंटरप्रिटर आहे, काचेच्या मागे आरोपीच्या बाजूला बसून जज बोलतो ते कानात सांगायचं काम करते, त्यामुळे ही वजाबाकी इतक्या वेळा ऐकलीय की आता पाठ झालीय.

इकडे खुनाला शिक्षा एकच, जन्मठेप. फाशी १९६५ सालीच बंद झाली. मग जज ठरवतो काय, तर कमीत कमी किती वर्षं आत काढल्यावर ह्याला पॅरोल बोर्डापुढे उभं राहता येईल तो आकडा. तुम्ही बघितलात तो हाच आकडा. सुरुवात कुठून करायची ते कायद्यातच लिहिलेलं आहे. मोठ्या माणसाने रागाच्या भरात हाताला लागेल त्याने मारलं, तर १५ वर्षं. सुरा घरून खिशात घालून नेला आणि वापरला, तर २५. बंदूक वापरली किंवा पैशासाठी, लुटण्यासाठी खून केला, तर ३०. त्याच्या पलीकडचं अगदीच भयानक काही असेल तर मरेपर्यंत आत. तिथून मग वर खाली सुरू होतं. आधी ठरवून केलं, मयत म्हातारा किंवा आजारी होता, हाल करून मारलं, प्रेत लपवलं, तर वर. ठार मारायचा विचार नव्हता, फक्त जबर दुखापत करायची होती, किंवा डोक्याचा आजार आहे, किंवा मयतानेच आधी खूप छळलं होतं, तर खाली.

कबुलीचं येतं सगळ्यात शेवटी. बाकीच्या गुन्ह्यांत पहिल्याच तारखेला हो म्हटलं तर एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते, पण खुनात फार तर सहावा हिस्सा, आणि तोही पाच वर्षांच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे वर खाली करून २४ आले तर ४ गेले, राहिले २०. आणि ३६ आले तर ६ नाही जात, ५ च जातात, राहिले ३१. आणि सूट पहिल्या संधीला तोंड उघडलं तरच, खटल्याच्या दिवशी साक्षीदार बाहेर बाकावर येऊन बसलेले बघून हो म्हणाल तर फार तर विसावा हिस्सा. मरेपर्यंत आत वाल्याला तर काहीच नाही. निकालाआधी कोठडीत काढलेले दिवस मात्र वजा होतात.

अजून एक, तेवढी वर्षं झाली की सुटला असं नाही हं. बोर्डाला पटलं तर सोडतात आणि सोडल्यावरसुद्धा मरेपर्यंत अटी असतात, मोडल्या की परत आत.

कधी कधी आरोपी म्हणतो खून कबूल पण सरकारी वकील सांगतात तसं घडलं नव्हतं, सुरा मी नेला नव्हता, तिथलाच उचलला. हा फरक म्हणजे १५ की २५ चा फरक, मग जज ज्युरीशिवाय एकटाच तेवढ्याच मुद्द्यावर साक्षी घेतो. इथे त्याला न्यूटन हिअरिंग म्हणतात.

आकडा कानात सांगणं हे ह्या कामातलं सगळ्यात वाईट. एकदा एका पोराला (खुनाची केस नव्हती, मारामारीची होती) मी हळूच "सात वर्सां" म्हटलं तर तो जजकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला, जसं काय ती मीच दिली होती.

काळा_कोट_म्हापसा

वरच्या ताईंनी तिकडचं अगदी बरोबर सांगितलंय. आता आपल्याकडचं सांगतो, आधी थोडं निराश करतो.

भारतात खुनाला शिक्षा दोनच, फाशी नाहीतर जन्मठेप, वर दंड. जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ३०२, आता १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. खाली तिसरी पायरीच नाही. म्हणजे सेशन जज कितीही दयाळू असला आणि आरोपी कितीही रडला तरी एकदा खून सिद्ध झाला की जज त्याला दहा वर्षं देऊच शकत नाही. त्यामुळे तिंट्यावरचं चौदाची दहा हे गणित पहिल्याच ओळीत चुकलं, सूट द्यायची कशातून? तिकडे खालचा आकडा जज ठरवतो म्हणून त्यातून कापता येतं, आपल्याकडे खालचा आकडा म्हणजेच जन्मठेप.

मग लोक म्हणतात प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायचा सौदा) आलंय ना. आलंय, २००६ पासून आहे, पण ज्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे अशाच गुन्ह्यांना, बायकांविरुद्धचे आणि लहान मुलांवरचे गुन्हे त्यातूनही वगळलेत. खून त्याच्या आसपासही येत नाही. सरकारी वकिलाशी कँटीनमध्ये बसून तू हो म्हण मी फाशी मागत नाही असा सौदा आपल्या कायद्यात नाही.

आता दिनूचा मुख्य प्रश्न, उभा राहून हो म्हटलं तर. चार्ज फ्रेम होतो, म्हणजे आरोप ठरवून लिहिला जातो, जज तो वाचून समजावून सांगतो आणि विचारतो गुन्हा कबूल आहे का. हो म्हटलं तर जजने ते लिहून घ्यायचं आणि त्यावर दोषी ठरवायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. कायद्यातला शब्दच तसा आहे, ठरवू शकतो, ठरवलंच पाहिजे असं नाही (जुनं कलम २२९, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २५२). आणि खुनात जज सहसा ठरवत नाहीत. ज्या गुन्ह्यात फाशी होऊ शकते तिथे नुसत्या कबुलीवर दोषी ठरवू नये, पुरावा घ्यावा, हे मुंबई हायकोर्टाने १९१७ सालीच सांगून ठेवलंय आणि तीच वहिवाट चालत आलीय.

कसाबचं आठवतंय का. २० जुलै २००९ ला तो अचानक उभा राहिला आणि मला गुन्हा कबूल आहे म्हणाला, तोवर शंभराच्या वर साक्षीदार झाले होते. आमचा सगळा बार रूम म्हणत होता आता आठवड्यात निकाल. न्या. टहलियानींनी ते सगळं शांतपणे लिहून घेतलं, रेकॉर्डवर ठेवलं, आणि खटला पुढे चालू ठेवला, कारण त्याने सगळे आरोप मान्य केले नव्हते. शिक्षा लागली ६ मे २०१० ला.

आणि आम्ही वकील आरोपीला हो म्हणू का देत नाही, तर कबुलीवर दोषी ठरला की अपिलात दोषी ठरवलं हेच चूक असं म्हणायचा रस्ता जवळजवळ बंद होतो, शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही एवढंच भांडता येतं. म्हणजे हातातलं सगळं द्यायचं आणि बदल्यात काही नाही. कोण करेल?

पोलिसांसमोरची कबुली हा आणखी वेगळाच प्रकार, ती कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही, फक्त त्या सांगण्यावरून जी वस्तू सापडली तेवढाच भाग चालतो. आपल्या शिरोड्याच्या दुपट्टा किलरचं बघा ना. २००९ साली सोळा खून कबूल केल्याचं पेपरात छापून आलं, सगळा गोवा हादरला, आणि नंतर कोर्टात त्यातल्या कित्येक केसेस पुराव्याअभावी गळाल्या, जन्मठेप लागली ती मोजक्याच केसेसमध्ये. लोक विचारत होते कबूल केलंय तर सुटतो कसा. असा सुटतो.

आसगावचो_आयटीवालो

अमेरिकेत मात्र फुल सौदा चालतो. आयडाहोचा तो चार विद्यार्थ्यांच्या खुनाचा खटला, २०२५ च्या जुलैमध्ये आरोपीने कबूल केलं आणि बदल्यात सरकारी वकिलांनी फाशीची मागणी सोडली, चार जन्मठेपा एकामागून एक, पॅरोल नाही. ग्रीन रिव्हर किलर म्हणतात त्या खुन्याने तर २००३ मध्ये एका दमात ४८ खून कबूल केले फाशी टाळायला. निदान घरच्यांना कळलं तरी कोणाचं काय झालं ते. मला तर हे प्रॅक्टिकल वाटतं, आपल्याकडे वर्षानुवर्षं तारखा चालतात त्यापेक्षा.

काळा_कोट_म्हापसा

प्रॅक्टिकल आहे पण दुसरी बाजू बघ. निर्दोष माणसाच्या पुढ्यात फाशी ठेवली आणि सांगितलं हो म्हण म्हणजे वाचशील, तर तोही हो म्हणेल. आपल्याकडे तर आधीच कच्च्या कैद्याला वकील मिळेपर्यंत सहा तारखा जातात. तारखांचं मात्र तू म्हणतोस ते मान्य, काणकोणला त्या आयरिश मुलीचा खून झाला मार्च २०१७ मध्ये आणि मडगावच्या कोर्टाने जन्मठेप सुनावली फेब्रुवारी २०२५ मध्ये. आठ वर्षं.

रिटायर_स्टेनो

मी तीस एक वर्षं कोर्टात टायपिंग केलं, शेवटी शेवटी कॉम्प्युटर आला पण हात टाइपरायटरचेच. चर्चा वाचून एक गोष्ट आठवली ती सांगतो, नाव गाव सांगत नाही.

चार्ज इंग्रजीत असतो, आरोपी उभा असतो कठड्यात, बहुतेक वेळा अनवाणी, चपला बाहेर काढून येतात ते. एक खेड्यातला माणूस, बांधावरून शेजाऱ्याशी भांडण, शेजारी मेला. चार्ज वाचून झाला, शिरस्त्याप्रमाणे विचारलं कबूल आहे का, तो हात जोडून म्हणाला, "हय सायबा, हांवें मारलो ताका."

माझी बोटं तयारच होती. मी ‘आय किल्ड हिम’ टाइप केलंच असतं, अर्ध्या सेकंदाचा प्रश्न होता. पण आमचे तेव्हाचे साहेब जुने, पेन खाली ठेवलं आणि मला हाताने थांब केलं. त्याला कोंकणीत विचारलं, मारलो म्हणजे काय रे, जिवेशीं मारूंक गेल्लो? तो एकदम घाबरला, "ना ना सायबा, एक दांडो मारलो, तो पडलो, हांव घरा गेलों."

आता बघा. मारलं म्हणजे ठोकलं पण होतं आणि ठार केलं पण होतं. मराठीत तेच, कोंकणीत तेच. इंग्रजीत मात्र दोन शब्द, आणि त्या दोन शब्दांमध्ये जन्मठेप बसलेली. साहेबांनी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला लावले आणि खाली घेतलं की आरोपीला गुन्हा कबूल नाही, खटला चालवायचा आहे. मग साक्षी झाल्या, डॉक्टर आला, डोक्याला एकच मार, दांडा बांधावरचाच, जुनं वैर काही नाही. शेवटी ३०२ टिकलं नाही, ३०४ भाग दोन लागलं, म्हणजे खून नाही, सदोष मनुष्यवध, सात वर्षं. तो कठड्यातून उतरताना साहेबांना नमस्कार करून गेला आणि मला पण केला, मला जरा लाजच वाटली कारण माझ्यावर असतं तर...

असो. दिनूबाब, हो साहेब मीच केला खून असं कोणी बोलतच नाही हो. लोक बोलतात मारलं, हातून झालं, रागात झालं, सैतान शिरला. त्यातला गुन्हा कुठला ते जजने शोधायचं.

काळा_कोट_म्हापसा

स्टेनोकाका, हात जोडले तुम्हाला. मी एवढं पाल्हाळ लावलं आणि मुद्दा तुम्ही एका दांड्यात सांगितला.

ह्यालाच जोडून, खरी सूट आपल्याकडे इथे आहे. अचानक भांडण पेटलं, आधी काही ठरलेलं नव्हतं, क्रूरपणा केला नाही, किंवा मयतानेच एकाएकी इतकं डिवचलं की ताबा सुटला, असं सिद्ध झालं तर तो खून राहतच नाही, सदोष मनुष्यवध होतो. नव्या कायद्यात कलम १०५. इरादा होता तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, नुसती जाणीव होती की ह्याने माणूस मरू शकतो, तर दहा वर्षांपर्यंत. त्यामुळे आमची सगळी लढाई केलं की नाही ह्यापेक्षा केलं ते कशात बसतं ह्यावर असते, आणि ती लढायची तर आधी नाही म्हणावंच लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं खोटारडा आहे.

मुद्दाम_निनावी

नाव नको टाकायला म्हणून नवीन खातं काढलंय.

तुमचं सगळं पटतंय पण दुसऱ्या बाकावर बसलेल्यांचं पण ऐका. माझ्या भावाला मारलं त्याला आता बरीच वर्षं झाली. आरोपी आमच्या ओळखीतलाच. कोर्टात त्याने नाही म्हटलं, त्याचा हक्क आहे, मला आता कळतं ते. पण त्याने नाही म्हटलं म्हणून माझ्या आईला साक्षीला जावं लागलं. मुद्देमालाचं खाकी पाकीट, त्यावरची लाख फोडली, आतून शर्ट काढला आणि आईच्या समोर धरला, हा तुमच्या मुलाचा का. आईने हातात घेतला नाही, नुसतं बघितलं आणि म्हणाली हो, वरून तिसरं बटण मी लावलंय, पांढरा दोरा नव्हता म्हणून निळ्याने लावलं. मग त्या बाजूच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं असे शर्ट बाजारात सगळीकडे मिळतात की नाही. आई म्हणाली मिळतात.

शिक्षा लागली, जन्मठेप. त्या दिवशी त्याचा वकील उभा राहून म्हणाला आरोपीला पश्चात्ताप झालाय, घरी म्हातारी आई आहे. आमच्या आईने माझा हात इतका घट्ट धरला.

तर माझा प्रश्न सूटबीटचा नाही. त्याने सुरुवातीलाच कबूल केलं असतं तर निदान तो शर्ट बाहेर काढावा लागला नसता ना?

पेडण्याची_सध्या_स्विंडन

वाचून काय लिहू कळेना. आईंना नमस्कार सांगा.

इथे जी सूट देतात ना तिचं कारण लिहिताना हेच लिहितात, की साक्षीदारांना आणि मयताच्या घरच्यांना ते सगळं पुन्हा भोगावं लागत नाही. आरोपी चांगला आहे म्हणून सूट असं नाही, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा भक्कम आहे म्हणून सूट कापतही नाहीत. पश्चात्ताप झाला का ते वेगळं बघतात. शिक्षेच्या आधी घरच्यांना स्वतःचं म्हणणं वाचून दाखवता येतं, ते ऐकताना मी भाषांतर करते पण वर बघत नाही.

काळा_कोट_म्हापसा

निनावी, खरं उत्तर देतो, गोड नाही. आपल्याकडे त्याने पहिल्या दिवशी कबूल केलं असतं तरी बहुतेक जजने पुरावा घेतलाच असता. पण कबुली असती तर उलटतपासणी जवळपास झालीच नसती, आईंना तो बाजारातल्या शर्टाचा प्रश्न तरी कोणी विचारला नसता. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, तो प्रश्न विचारायची गरज नव्हती.

पश्चात्तापाचं बोलणं झालं ते आमच्याकडच्या शिक्षेच्या सुनावणीत होतं. दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी वेगळं ऐकून घ्यावंच लागतं, कायदा आहे, पण कित्येकदा त्याच दुपारी दहा मिनिटांत उरकतात. वकील ठरलेलं बोलतो, म्हातारी आई, लहान मुलं, पहिलाच गुन्हा. खुनात जन्मठेप तर नक्कीच असते, त्यामुळे ह्या सगळ्याचा उपयोग एकच, फाशी की जन्मठेप. १९८० च्या बच्चन सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तीही दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये, आणि नुसता गुन्हा नाही, गुन्हेगार पण बघायचा, वय काय, सुधारेल का, दडपणाखाली केलं का. इथे कबुलीचा थोडा उपयोग होतो, मनापासून असेल तर सुधारायची शक्यता म्हणून वजन पडतं. कसाबने कबुली दिली आणि नंतर ती मागे घेतली, त्याला काडीचा उपयोग झाला नाही, तशी केसही नव्हती. २०२२ ला मनोज खटल्यात तर कोर्टाने सांगितलं की फाशीची शक्यता असेल तर आरोपीचं बालपण, घर, शिक्षण, मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक हे सगळं आधीच गोळा करा. म्हणजे कोलवाळच्या जेलमध्ये तो कसा वागतो, भांडतो की शिकतो, ह्याचा पण कागद लागतो. आणि सेशन कोर्टाने दिलेली फाशी पर्वरीला हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देता येत नाही. खरे_बोल साहेब, दुसऱ्या दिवशी लटकवा म्हणालात म्हणून सांगितलं.

डिचोलीचा_दिनू

निनावी, काय बोलू. माझ्या तिंट्यावरच्या गप्पांतून हे इतकं निघेल असं वाटलं नव्हतं.

वकीलसाहेब, तेवढं दिवस रात्रीचं आणि चौदाचं सांगून टाका, बाबलो रोज विचारतो.

काळा_कोट_म्हापसा

दिवस रात्र वेगळी मोजतात हे मी लहानपणापासून ऐकतोय, आमच्या आजीचंही तेच मत होतं. खोटं आहे. चोवीस तासांचा एक दिवस, जेलमध्ये पण.

जन्मठेप म्हणजे जन्मभर. गोपाळ गोडसे ह्यांनी सुप्रीम कोर्टात म्हटलं होतं की माफीचे (तुरुंगात शिक्षेतून सूट म्हणून मिळालेले) दिवस धरून माझी वीस वर्षं भरली, सोडा. कोर्टाने १९६१ ला सांगितलं जन्मठेप म्हणजे उरलेलं पूर्ण आयुष्य, माफी द्यायची तर सरकारने द्यावी. सरकारने सोडलं ते १९६४ ला. वीसचा आकडा कायद्यात आहे खरा, पण तो जन्मठेपेची निम्मी शिक्षा वगैरे हिशोब काढायला, कारण आयुष्याचं निम्मं कसं काढणार. आणि चौदा आला १९७८ च्या दुरुस्तीने, ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकली असती त्यात जन्मठेप लागली तर सरकारलासुद्धा चौदा वर्षं पुरी झाल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे चौदा झाली की दार उघडतं असं नाही, चौदा झाली की अर्ज टेबलावर येतो, पुढे बोर्ड, पोलिसांचा रिपोर्ट, सरकार.

आणि दोघांच्या मधलं एक आहे. २००८ च्या श्रद्धानंद खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं फाशी जास्त होईल आणि चौदाला सुटला तर कमी होईल, म्हणून जन्मठेप पण माफी नाही. तेव्हापासून वीस, पंचवीस, तीस वर्षं माफीशिवाय अशा शिक्षा येऊ लागल्या. २०१५ ला घटनापीठाने हे मान्य केलं पण अधिकार फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला, सेशन जजला नाही. स्विंडनच्या क्लिपमधल्या आकड्याच्या जवळ जाणारं आपल्याकडे काही असेल तर हे, पण गाडेकाराच्या बिलासारखा तक्ता नाही.

तांबडी_माती

विषय थोडा सोडून. पोर्तुगालने खुनासाठीची फाशी १८६७ लाच काढून टाकली होती. म्हणजे दिनूच्या मावसभावाच्या पासपोर्टच्या देशात दीडशे वर्षं झाली फाशी नाही, आणि आपल्याकडे गोवा मुक्तीनंतर आयपीसी आला त्याबरोबर ३०२ आणि फाशीची तरतूद आली. हे माझे आजोबा नेहमी सांगायचे, तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून.

मुद्दाम_निनावी

काळा कोट, शर्टाबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या वकिलाला पण आई असेल.

डिचोलीचा_दिनू

आज तिंट्यावर सगळं सांगितलं, मोबाइल काढून वाचून दाखवलं. स्टेनोकाकांचा दांडा सगळ्यांना पटला, दोघे जण तर शांतच झाले. चौदाची दहा वाल्याने चहाचे पैसे दिले. बाबलोने पूर्ण ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ते सगळं असेल रे, पण वकिलाला काय माहीत, साक्षीला मी गेलो होतो."